डाग पुसू नका



हे एका चित्राचं परीक्षण आहे. पण ते चित्र तुम्हाला आता पाहता येणार नाही. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या भिंतीवर ते दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भागावर पांढरा डिस्टेंपर फिरला. फिरवा म्हणणारांत मी होतो. तेव्हा याला परीक्षण न म्हणता कबुलीजबाब म्हणा, माझी हरकत नाही.

झालं ते असं. वैशाख पौर्णिमा तोंडावर आलेली. मंडळानं भिंत रंगवायचं काम आमच्याच एका पोराला दिलं. वय एकोणीस. दुकानांच्या पाट्या रंगवतो, गाड्यांचे नंबर टाकतो, जयंतीला कमानीवरची अक्षरं काढतो. आर्ट स्कूलचं तोंड त्यानं पाहिलेलं नाही. त्यानं पिंपळ काढला, पिंपळाखाली तथागत काढले आणि वर आभाळात परातीएवढा चंद्र काढला. त्या चंद्रावर काळेनिळे डाग. ब्रश झटकून उडवलेले शिंतोडे नव्हते ते. एकेक डाग मापानं, जागच्या जागी.

संध्याकाळी कमिटी भिंतीसमोर उभी राहिली. तात्या म्हणाले, "आरं, बुद्धाच्या डोक्यावर डागाळलेला चंद्र? लोकं काय म्हणतील?" दुसरे एक काका म्हणाले, "आधीच आपल्याला डाग लावायला टपलेत सगळे. आपणच कशाला दाखवायचे?" मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू कवी हायेस, तू सांग."

मी सांगितलं. पौर्णिमा हे पूर्णत्वाचं प्रतीक आहे, प्रतीक निर्मळ असावं लागतं, असं काहीतरी. कुठल्यातरी पुस्तकातलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. पोरगा ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "दादा, वर बघा ना. हायेत का न्हाईत डाग?"

मी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्र पांढराफेक झाला.

•

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. बहुतेक रात्रपाळी. तुटलेला धागा सांधत फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, हे माझं काम. तेलाचा डाग पडलेलं सूत आमच्याकडं बाजूला काढतात. डागी माल. तो कुणाच्या पाळीत निघाला त्याला बोलणी बसतात. त्या रात्री चारच्या सुमाराला चहासाठी बाहेर आलो, डोक्यावरचा कापूस झटकला आणि सहज मान वर केली. चंद्र पश्चिमेकडं उतरलेला होता. त्याच्यावर पोरानं काढलेले तेच डाग होते, फक्त थोडे कललेले.

माझं वय सव्वीस. दहा वर्षं कविता करतोय. त्यातल्या चाळीसेक कवितांत तरी चंद्र असेल. आणि मी चंद्र कधी पाहिलाच नव्हता! चहा निवला तरी मी तिथंच उभा होतो. लाज वाटत होती.

मग ही लाज कुठून आली याचा शोध लागला. मला बिनडागाचा चंद्र कुणी दिला? शाळेच्या पुस्तकानं दिला. सिनेमाच्या गाण्यानं दिला. कोजागिरीला गच्चीवर केशरी दूध आटवणाऱ्यांच्या कवितेनं दिला. त्यांचा चंद्र म्हणजे बाईचं तोंड, चांदीची थाळी, नाहीतर दुधाचा पेला. तिथं चंद्र कधीच चंद्र नसतो. ज्याच्या घरी जे भांडं असतं ते तो आभाळात टांगतो. आमच्याकडं गच्ची नव्हती. पत्र्याला भोक होतं, त्यातून उजेडाची चवली जमिनीवर पडायची.

पण दोस्तांनो, दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळं होण्याइतकं हे सोपं नाही. आपल्या कवितेनं तरी काय केलं? गिरणगावातले नारायण सुर्वे 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह घेऊन 1962 साली आले. चंद्राला भाकरीच्या शेजारी आणून बसवायचं मोठं काम त्यांनी केलं. त्या काळात ते करायला छाती लागत होती, आणि त्यांच्या भुकेला त्याचा हक्कही होता. पण नंतर आपण सगळ्यांनी काय केलं? त्यांनी भाकर पाहिली म्हणून आपणही भाकर पाहायला लागलो. कवीसंमेलनात बसा, दहा कवितांमागं चार चंद्रांच्या भाकरी निघतात. उरलेल्यांत चंद्राला शिवी असते. मीही भाजल्या आहेत असल्या भाकरी. त्यांनी चंद्राची कोरी थाळी केली आणि वर तोंड ठेवलं. आपणही कोरी थाळी केली आणि वर भाकर ठेवली. थाळी तीच राहिली. पाहिलं कुणीच नाही.

आणि भाकर तरी धड पाहिली का? आईला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "डाग नसलेली भाकर कच्ची असती रं." तव्यावरनं उतरून निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीवर काळे ठिपके असतातच. म्हणजे भाकरीशी केलेली तुलना खरी होती, आणि ती ज्या कारणानं खरी होती तेच कारण आपण कवितेतून पुसून टाकलं होतं.

•

एवढं झाल्यावर मी वाचनालयात बसलो. चंद्राची चित्रं कुणी कुणी काढली ते शोधायला लागलो. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो, कारण हे आपल्या कामाचं आहे.

युरोपात शेकडो वर्षं शिकवलं जात होतं की पृथ्वीवर घाण आहे, नाश आहे, बदल आहे. आभाळातले गोल मात्र शुद्ध, गुळगुळीत, निर्दोष. वर शुद्ध, खाली अशुद्ध. ही मांडणी ऐकल्यासारखी वाटते ना? चंद्र या दोहोंच्या सीमेवर. आता चंद्राचे डाग तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांचं काय करायचं? पंडितांनी तोडगा काढला: चंद्र गुळगुळीतच आहे, आतला पदार्थ कुठं दाट, कुठं विरळ आहे, एवढंच. डोळ्यांना दिसलं तरी ते खरं मानायचं नाही, अशी ही विद्या.

1609 साली दोन माणसांनी दुर्बीण चंद्राकडं वळवली आणि जे दिसलं ते कागदावर काढलं. पहिला इंग्लंडातला गणिती थॉमस हॅरियट. तारीख तिकडच्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणं 26 जुलै. त्यानं पाच दिवसांचा चंद्र काढला. त्याचं चित्र पाहिलं तर एक गोल, त्यात उजेड-अंधाराची वाकडीतिकडी रेघ आणि काही फटकारे. बस्स. दुसरा इटलीतला गॅलिलिओ. त्यानं त्याच वर्षाअखेर पादुआत बसून तपकिरी शाई पाण्यात पातळ करून चंद्राच्या कला रंगवल्या. ती मूळ चित्रं फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. त्यांची छपाई मी पाहिली. हाताला लागेल असा चंद्र आहे तो. खड्डे, उंचवटे, खड्ड्यांच्या एका कडेला उजेड, दुसरीला सावली.

हॅरियटची दुर्बीण वस्तू सहापट मोठी दाखवणारी होती, गॅलिलिओची वीसपट. तेव्हा फरक थोडा दुर्बिणीचा होता हे मान्य. पण सगळा तिचा नव्हता. गॅलिलिओ छायाप्रकाश शिकलेला माणूस होता. पुढं 1613 साली फ्लोरेन्सच्या चित्रकलेच्या अकादमीनं त्याला सभासद करून घेतलं. सावली कशी पडते, ती पडायला समोर उंचवटा असावा लागतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्यानं पाहिलं की अंधाऱ्या भागात, सीमारेषेपासून दूर, उजेडाचे सुटे ठिपके चमकतात आणि थोड्या वेळानं मोठे होत जाऊन उजेडाला मिळतात. त्यानं ओळखलं, हे डोंगरांचे माथे! सकाळी खोरं अंधारात असताना डोंगराच्या शेंड्याला ऊन लागतं, तसंच. असा एक ठिपका चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या हिश्शाइतका दूर होता. त्यावरून त्यानं भूमितीनं हिशोब मांडला आणि सांगितलं की चंद्रावर चार मैलांहून उंच डोंगर आहेत. मार्च 1610 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आणि गंमत पाहा, ते पुस्तक पाहिल्यावर त्याच वर्षी हॅरियटनं काढलेल्या चंद्रावरही विवरं दिसायला लागली!

चित्र काढता येणं ही शोभेची गोष्ट आहे, मोर्चा संपल्यावर करायची, असं आपल्यातले बरेच कार्यकर्ते मानतात. त्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. एका माणसाला सावली काढता येत होती, म्हणून आभाळाच्या शुद्धतेचं दोन हजार वर्षांचं शास्त्र ढासळायला लागलं.

पंडित गप्प बसले नाहीत. लुदोविको देल्ले कोलोंबे नावाच्या फ्लोरेन्सच्या विद्वानानं 1611 साली युक्ती काढली: असतील दऱ्याखोरी, पण त्या न दिसणाऱ्या पारदर्शक स्फटिकानं भरलेल्या आहेत, म्हणून चंद्र वरून गुळगुळीतच! गॅलिलिओ म्हणाला, मग मी पण म्हणतो की त्याच न दिसणाऱ्या स्फटिकाचे डोंगर तिथं उभे आहेत, मी पाहिलेल्या डोंगरांच्या दहापट उंच. हे वाचून मी वाचनालयात मोठ्यानं हसलो आणि मग गप्प झालो. आमच्या भिंतीवरचा पांढरा डिस्टेंपर म्हणजे तोच स्फटिक होता. ओतणारा मी होतो.

गॅलिलिओचा एक चित्रकार मित्र होता, चिगोली. त्याला रोममध्ये, सांता मारिया माज्योरे या चर्चमधल्या पोपच्या स्वतःच्या प्रार्थनाघराचा घुमट रंगवायचं काम मिळालं. घुमटात चंद्रावर उभी असलेली मरिया काढायची होती. मरिया निष्कलंक, म्हणून तिच्या पायाखालचा चंद्रही निष्कलंक, हा प्रघात. चिगोलीनं 1612 साली मरियेच्या पायाखाली गॅलिलिओचा चंद्र काढला. खड्ड्यांचा, डागांचा. पोपच्या डोक्यावर! पुढं 1616 मध्ये त्याच पोपच्या अमदानीत पृथ्वी फिरते म्हणणं चूक ठरवलं गेलं. 1633 मध्ये पुढच्या एका पोपच्या काळात गॅलिलिओवर खटला झाला आणि 1642 मध्ये मरेपर्यंत त्याला नजरकैदेत राहावं लागलं. 1992 साली चर्चनं चूक कबूल केली. एवढ्या सगळ्या काळात तो डागाळलेला चंद्र घुमटात होता, आजही आहे. आमच्या चंद्राला दोन दिवस मिळाले.

आणखी एक नाव सांगतो. मारिया क्लारा आइमार्ट, न्यूरेंबर्गची. तिचा बाप चित्रकार आणि खोदकाम करणारा. त्यानं स्वतःची वेधशाळा उभारली होती. त्या काळी बाईला विद्यापीठाचं दार बंद. तिनं बापाच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि 1693 ते 1698 या काळात चंद्राची साडेतीनशेहून जास्त चित्रं काढली, निळ्या गडद पुठ्ठ्यावर खडूच्या रंगांनी. 1707 साली ती बाळंतपणात गेली. दार बंद असणाऱ्यांनी काय करावं याची चर्चा आपण अभ्यासवर्गात करतो. त्यात या बाईचं नाव असलं पाहिजे.

•

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं चंद्राच्या डागाला नाव काय? कलंक. आणि डागाची गोष्ट काय? शापाची. दक्षानं शाप दिला म्हणून चंद्र झिजतो. गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप. चतुर्थीला जो चंद्राकडं पाहील त्याच्यावर खोटा आळ येईल. म्हणजे तिकडं एक माणूस डोळा लावून चंद्र पाहतोय आणि इकडं धर्म सांगतोय, पाहू नका. पाहिलं तर तुम्हालाच डाग लागेल. डाग म्हटला की कुणाचा तरी अपराध, कुणाचा तरी शाप, आणि तो जन्मभर, सगळ्यांना दिसेल असा. दोस्तांनो, असल्या डागाची गोष्ट आपल्याला नवी आहे का? मागल्या जन्मीचं पाप म्हणून तो आपल्या बापजाद्यांच्या कपाळावर मारलाच होता.

पण त्याच डागाची दुसरी गोष्ट आपल्याच परंपरेत आहे. शशजातक. जातककथांतली 316 वी. ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर, चार मित्र. उपोसथाच्या दिवशी दारात येईल त्याला दान द्यायचं ठरवतात. बाकीच्यांकडं काही ना काही असतं. सशाकडं गवत. ते माणसाला कसं देणार? शक्र ब्राह्मणाच्या वेशात येतो. ससा त्याला लाकडं पेटवायला सांगतो, अंगावरच्या केसांत कुणी किडामुंगी असेल तर ती जळू नये म्हणून तीनदा अंग झटकतो आणि विस्तवात उडी घेतो. विस्तव बर्फासारखा गार लागतो. मग शक्र डोंगर पिळतो, त्याचा रस काढतो आणि त्या रसानं चंद्रावर सशाचं चित्र काढतो, सगळ्या जगानं कल्पभर पाहावं म्हणून.

ही गोष्ट मी एका कार्यकर्त्या मित्राला सांगितली. तो भडकला. "म्हणजे पुन्हा ब्राह्मण मागायला येणार आणि गरिबानं जळायचं? हेच शिकवायचं का पोरांना?" त्याचा राग खोटा नाही. हा प्रश्न विचारल्याशिवाय ही गोष्ट विहारात सांगू नये, असं माझंही मत झालंय. बाबासाहेबांनी आपल्याला काहीही तपासल्याशिवाय गिळायला शिकवलेलं नाही, जातकसुद्धा. मीही शशजातकाला इतिहास मानत नाही. पण चित्रकलेच्या बाजूनं पाहा. चंद्रावर चित्र कुणाचं निघालं? मागणाऱ्याचं नाही. देवांच्या राजाचं नाही. ज्याच्याकडं गवताशिवाय काही नव्हतं त्याचं. आणि उडी मारण्याआधी अंगावरच्या मुंगीचा विचार ज्यानं केला त्याचं. एका गोष्टीत डाग म्हणजे शिक्षा, दुसऱ्या गोष्टीत डाग म्हणजे आठवण. आभाळ एकच, डागही एकच. कुठल्या गोष्टीतून पाहायचं ते आपण ठरवायचं. आम्ही विहाराच्या भिंतीवर, खुद्द वैशाख पौर्णिमेला, कलंकाची गोष्ट खरी मानली आणि सशाला पांढऱ्या रंगात पुरलं.

आपल्या मराठीत डाग या शब्दाचे किती अर्थ आहेत ते पाहा. कपड्यावरचा डाग. तापल्या लोखंडाचा डाग, डागणी. आणि आमच्या आयाबाया लग्नात नवरीच्या अंगावर किती डाग घातले म्हणून विचारतात तेव्हा डाग म्हणजे दागिना. हा तिसरा अर्थ आपल्या बायकांनी जिवंत ठेवला. आपण लिहिणारे बाप्ये पहिल्या दोन अर्थांतच अडकलो.

तिसऱ्या अर्थाला विज्ञानाचीही साक्ष आहे. 1969 ते 1972 या काळात माणसं सहा वेळा चंद्रावर उतरली आणि 382 किलो दगडमाती घेऊन आली. तो माल बहुतेक करडाकाळा. पडणाऱ्या उजेडातला साधारण 12 टक्केच चंद्र परत फेकतो, जुन्या डांबरी रस्त्याइतका. म्हणजे ज्याच्या गोरेपणाच्या उपमांनी आमच्या सावळ्या पोरींना लहानपणापासून खाली पाहायला लावलं, तो मुळात काळा आहे! अंधारात एकटाच उन्हात उभा आहे म्हणून पांढरा दिसतो. आणि ते डाग? ती थिजलेल्या लाव्हाची मैदानं आहेत, तीनशे कोटी वर्षांहून जुनी. दगडाचं नाव बेसाल्ट. सह्याद्री याच जातीच्या दगडाचा. अजिंठ्याची लेणी याच जातीच्या दगडात खोदलेली. माझ्या आजीनं 1972 च्या दुष्काळात खडीच्या कामावर जो काळा दगड फोडला तोही याच जातीचा. आमच्या पोरानं पिंपळावर काढलेला डाग म्हणजे अजिंठ्याचा काळा दगड होता, आणि आम्ही त्याला घाण म्हणालो.

2023 साली 23 ऑगस्टला आपल्या देशाचं यान चंद्रावर उतरलं. त्याच्या गाडीच्या मागच्या चाकांवर सारनाथचे अशोकाचे सिंह कोरलेले होते, चालेल तिथं मातीत ठसा उमटावा म्हणून. मातीनं तो ठसा नीट घेतला नाही. उतरल्या जागेला नाव मिळालं 'शिवशक्ती'. सिंह आपले, नाव त्यांचं. यावर वेगळा लेख होईल. इथं एवढंच म्हणतो की चंद्रावर कुणाचं चित्र निघावं हा वाद सशापासून चालत आलेला आहे आणि अजून मिटलेला नाही.

•

आता प्रत्यक्ष परीक्षण. जे चित्र गेलं त्याच्याविषयी गोड बोलणं सोपं असतं. मी तसं करणार नाही, पोरालाही ते आवडणार नाही.

चित्रात दोष होते. पिंपळाची पानं एकाच साच्यातून काढल्यासारखी, सगळी समोर तोंड करून. विहाराच्या दारात पिंपळ आहे. पोरानं मान वळवली असती तर पान वाऱ्यानं कसं उलटं होतं, त्याचा देठ किती लांब असतो ते दिसलं असतं. तथागतांचा चेहरा गुलाबी गोरा, ओठ लाल, थेट बाजारातल्या कॅलेंडरवरून उचललेला. उन्हातून गावोगाव पायी फिरलेल्या माणसाचं कातडं तसं नसतं. शिवाय चंद्र डावीकडं आणि चेहऱ्यावरचा उजेड उजवीकडून! थोडक्यात, पोरानं चंद्र आभाळाकडं बघून काढला आणि बुद्ध कॅलेंडरकडं बघून. एकाच भिंतीवर दोन चित्रकार होते. कमिटीनं आणि मी त्यातला खरा चित्रकार पुसला आणि नकलाकार ठेवला.

चंद्र मात्र चोख होता. पौर्णिमेच्या चंद्रावर डोंगर दिसत नाहीत, कारण ऊन समोरून पडतं, सावल्याच उरत नाहीत. ते पाहायला अर्धा चंद्र लागतो. पण काळी मैदानं पौर्णिमेलाच पुरती दिसतात. म्हणजे वैशाख पौर्णिमेच्या चित्रात डाग काढणं हीच अचूक गोष्ट होती. पोरानं गॅलिलिओचं नाव ऐकलेलं नाही. त्यानं आठ रात्री पत्र्यावर पडून चंद्र पाहिला होता, हे मला नंतर कळलं.

मीही प्रयत्न केला. पाळी सुटल्यावर, सुताच्या कोनच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन पेन्सिलनं चंद्र काढायला बसलो. भाकरच निघाली. चार दिवस भाकरीच निघाल्या. शेवटी पोराला जाऊन दाखवलं. त्याच्या मनात राग असणार, पण त्यानं दाखवला नाही. म्हणाला, "दादा, तुमी आधी गोल काढता. गोल काढू नका. भवतालचा अंधार भरा, मग आतले डाग भरा. चंद्र आपोआप उरतो." गॅलिलिओच्या चित्रांतही हेच आहे. उजेड म्हणजे तिथं न रंगवलेला कागद. शाई फक्त काळोखाला लागली आहे.

आपल्या कवितेला मी यापेक्षा चांगली सूचना देऊ शकत नाही. आपण आधी गोल काढतो: विद्रोह, क्रांती, सूर्य, अंधार. मग आत काय भरायचं ते शोधत बसतो. नकाराची जी कविता आपल्या आधीच्यांनी लिहिली ती त्यांनी आधी अंधार भरून लिहिली, अंगावरचा. आपल्यातले पुष्कळजण त्यांनी काढलेला गोल फक्त गिरवतात. मी त्यांतला एक.

आणि शेवटी एक गोष्ट कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना, मान राखून. तात्या, तुमची भीती मला कळते. आयुष्यभर ज्यांना डागी माल म्हणून बाजूला काढलं ते आपल्या विहाराची भिंत पांढरीशुभ्र ठेवू पाहतात यात नवल नाही. इस्त्रीचं धोतर, चुन्याची भिंत, पंचशीलाचा झेंडा, हे सगळं तुम्ही कष्टानं कमावलं. पण शुद्ध दिसण्याची ही हौस आपली नाही, ती त्यांनी आपल्याला लावली. जे वरचं ते निर्मळ, जे खालचं ते मळकं, ही मांडणी मोडायला तर आपण बाहेर पडलो. मग आपल्याच भिंतीवर ती परत का चढवायची?

पुढच्या वैशाख पौर्णिमेला भिंत पुन्हा रंगेल. ठराव मी मांडणार आहे, पाठिंबा गोळा करतोय. भिंत त्याच पोराला द्यावी. चंद्र त्यानं पाहिला तसा काढावा. आणि बुद्ध काढायच्या आधी त्यानं आठ दिवस पिंपळाखाली बसणारी उन्हातली माणसं पाहावीत, ही माझी त्याला, परीक्षक म्हणून, एकच अट आहे. ठराव पडला तर पडला. माझं मत या वेळी डागांच्या बाजूनं नोंदलेलं असेल.

हे वाचणाऱ्यांनी आज रात्री बाहेर येऊन एकदा वर पाहावं. अमावस्या असली तर चार दिवस थांबावं.

जयभीम.